सेल्फ फिरतोय, गाडी चालू होईना, अन् आपण लगेच पंप खोलतो!

आज पिकाचं नाही, जुन्या टेम्पोचं लिहितोय. पण शेवटपर्यंत वाचा, पिकाचंही येणार आहे.

गेल्या हंगामात पहाटे चारला ११० कॅरेट टोमॅटो भरून टेम्पो दारात उभा. सेल्फ जोरात फिरतोय, पण गाडी काही चालू होईना. फिटरला झोपेतून उठवून आणला. त्याने दोनदा सेल्फ मारला आणि म्हणाला, "अण्णा, पंप गेला." मीही मान डोलावली. माल दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या गाडीतून गेला, तोवर भाव उतरलेला. पंप तालुक्याला जाऊन चार दिवसांनी परत आला, बिल १९ हजार. बसवला, गाडी चालू झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे परत तेच!

शेवटी काय सापडलं? टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीला क्लिपच्या खाली बारीक चीर. नळी दीडशे रुपयांची. पंप चांगलाच होता.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. तपासल्याशिवाय पार्ट बदलणं ही दुरुस्ती नाही, तो जुगार आहे. आणि पैसे आपले लागतात.

जुन्या डिझेल गाडीला ठिणगी लागत नाही. हवा दाबली की तापते, त्यात डिझेलचा फवारा पडला की पेटतो. म्हणजे तीनच गोष्टी बघायच्या: इंजिन पुरेशा वेगाने फिरतंय का, डिझेल पोचतंय का, दाब बनतोय का. हे समजायला दहावी पुरते, माझी तेवढीच झाली आहे.

आधी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून चाकाला दगड. मग हा क्रम:

१) सेल्फ नुसता "खट" करतोय किंवा रडत फिरतोय? तर डिझेलकडे जाऊच नका. बॅटरीचे टर्मिनल बघा, पांढरी-हिरवी पूड धरली असेल तर गरम पाण्याने धुऊन, घासून घट्ट करा. बॅटरीपासून चासीला आणि इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी बघा. १२ व्होल्टची बॅटरी भरलेली असेल तर उभ्या गाडीत साधारण १२.६ दाखवते. सेल्फ मारताना १० च्या बरीच खाली गेली तर बॅटरी तपासून घ्या. आमच्याकडे कित्येक सेल्फ उगाच खोलले गेलेत, दोष निघाला अर्थिंगचा.

२) सेल्फ जोरात फिरतोय? एकाला सायलेन्सरमागे उभा करा. धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल नोझलपर्यंत येत नाही. टाकीत काठी घालून बघा, काट्यावर भरवसा नको. इंजिन बंद करायची केबल ओढलेलीच अडकली नाही ना? ज्या गाडीला वायरवरचा स्टॉप स्विच आहे, तिथे करंट येतोय का? फिल्टरखालचं पाणी सोडलंय का?

पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल येतंय पण पेटत नाही. गारठा, हीटर, टायमिंग किंवा दाब कमी, तिकडे वळा. काळा धूर म्हणजे आधी एअर फिल्टर.

३) धूर नसेल तर फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करून हँडपंप मारा. बुडबुडे आले तर हवा धरली आहे. बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत मारा. गाडी चालू झाली तरी काम संपलं नाही. हवा शिरली कुठून? टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. त्या बाजूच्या चिरेतून डिझेल टपकेलच असं नाही, हवा मात्र आत शिरते. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतं आणि पहाटे गाडी रुसते. माझ्याकडे नेमकं हेच झालं. पंप बसवताना एअर काढली होती, म्हणून त्या दिवशी चालू झाली.

खात्री करायची असेल तर फीड पंपाला नव्या नळीने थेट स्वच्छ डिझेलचा कॅन लावा. कॅनवर गाडी नीट चालू होत असेल तर दोष टाकी आणि नळीत, पंपात नाही.

सेल्फ १०-१५ सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. हीटर असलेल्या गाडीत स्टार्टिंगचा स्प्रे मारू नका, इंजिन फुटेल. आणि नोझलच्या पाइपचे नट सैल करायचा प्रयोग नव्या कॉमन रेल गाडीवर कधीच नको. तो फवारा कातडीत घुसतो.

आता फिटरची बाजू. एकटा तोच दोषी नाही. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "अण्णा, नुसतं बघितल्याचे पैसे देतं का कोण?" खरंय. पंप काढला की आपण हजार देतो. तासभर तपासून पाच रुपयांची क्लिप आवळली तर चहावर भागवतो. मग तो पंपच काढणार! तपासणीची मजुरी द्यायला शिका.

कोणी म्हणेल, जुनी गाडी विका, नवीन घ्या. हप्ता कोण भरणार? आणि दीडशेची नळी नव्या गाडीचीही चिरते.

आता पिकाचं. पान पिवळं दिसलं की आपण फोटो पाठवून "कोणतं औषध मारू?" विचारतो. आणि कृषी सल्लागार साहेब, तुम्हीही फोटोवरच यादी देता. झाड उपटून मूळ कोणी बघतं का? मुळी पाण्याने कुजली आहे की सूत्रकृमीच्या गाठी आहेत, हे न बघता वरून सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारायची, म्हणजे नळी चिरलेली असताना पंप खोलायचा.

माझ्या दारात आता नियम आहे. धूर बघितल्याशिवाय पाना नाही, मूळ बघितल्याशिवाय फवारा नाही.