मोठ्या विद्यापीठात जा, पण एकट्यानं जाऊ नका

परवा आमच्या चाळीतलं एक पोरगं दोन कागद घेऊन आलं. एक कागद दिल्लीच्या मोठ्या विद्यापीठाचा, सीयूईटी देऊन मिळवलेला. दुसरा इथल्या लहान कॉलेजचा, घरापासून बसनं वीस मिनिटं. म्हणालं, 'भाऊ, कुठं जाऊ? उद्या पाचपर्यंत फी भरायचीय.'

चाळीत ज्याला त्याला उत्तर ठाऊक. बाप म्हणतो, जवळ राहा, घराला हातभार होईल. मामा म्हणतो, दिल्ली म्हणजे दिल्ली, साहेब होऊनच येशील. शाळेतले सर म्हणाले, 'तुला झेपेल ते बघ.'

तिन्हींत जहरी उत्तर सरांचं. 'झेपेल' हा शब्द नीट ऐका. सदाशिव पेठेतल्या पोराला विचारतात, कुठलं विद्यापीठ चांगलं? आपल्याला विचारतात, झेपेल का? 'तुमच्यासाठी लहान कॉलेज बरं' या सल्ल्यात कधी माया असते, पण गावकूसही असतं. तुझी जागा ही, इथंच बस. पूर्वी वेस दाखवायचे, आता प्रॉस्पेक्टस दाखवतात.

म्हणून पहिली गोष्ट सांगून टाकतो. मोठं विद्यापीठ कुणाच्या बापाचं नाही. त्याच्या भिंती आपल्या माणसांनी पाट्या वाहून उभ्या केल्या. भरगच्च ग्रंथालय, प्रयोगशाळा, देशभरातून आलेली पोरं, पुढं पीएच.डी.ची वाट, हे लहान कॉलेजात मिळत नाही. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले, कोलंबियात शिकले, पुढं लंडन गाठलं. 'जवळचं बरं' म्हणून थांबले नाहीत.

पण तोच माणूस परत येऊन काय करतो? १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढतो. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० साली औरंगाबादेत मिलिंद. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरायचे. कशासाठी? दिवसा नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून. मोठ्या विद्यापीठाची महती बाबासाहेबांइतकी कुणाला ठाऊक होती? पण त्या दारापर्यंत चालत जायचं तर पायाखाली जमीन लागते, हेही त्यांना ठाऊक होतं. लहान कॉलेज ही ती जमीन.

औरंगाबादेत हे डोळ्यांनी बघता येतं. मिलिंद आधी आलं, मराठवाडा विद्यापीठ आठ वर्षांनी, १९५८ साली. खेड्यापाड्यांतली आपली पोरं नागसेनवनात आली, मान वर करून बोलायला लागली. तिथून लेखक निघाले, कार्यकर्ते निघाले, 'अस्मितादर्श' निघालं. शेजारच्या मोठ्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, या लढ्यातही ही पोरं पुढं होती. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला आणि मराठवाड्यात आपली घरं जळाली. पोचीराम कांबळे मारले गेले. १९९३ साली नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. तेव्हा कुठं १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. नुसतं नाव लागायला साडेपंधरा वर्षं! मोठं विद्यापीठ नुसतं शिकवत नाही, ते कुणाच्या मालकीचं यावर रक्त सांडतं.

तुम्ही म्हणाल, झाली जुनी गोष्ट. बरं, नवी घ्या. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात पाच दलित संशोधक विद्यार्थ्यांना हॉस्टेलबाहेर काढलं. त्यांनी कॅम्पसवर उघड्यावर पथारी टाकली आणि त्या जागेला नाव दिलं, वेलीवाडा. म्हणजे आपला गावकुसाबाहेरचा वाडा. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. तिथं आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशन होती, तरी हे झालं. जिथं संघटनेचा पत्ताच नाही, तिथं आपल्या पोराचं काय होत असेल?

आता लहान कॉलेजचे गोडवे गाणाऱ्यांनाही ऐकवतो. जयंतीला डीजे आणि वाचनालयाला कुलूप, ही कुठल्या शिक्षणाची रीत? मास्तर तासिका तत्त्वावर, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात पळतोय, कारण कायमच्या जागा भरतच नाहीत. आणि संस्था आपल्या माणसांची असली तरी खुर्चीसाठी गट, गटासाठी कोर्टकज्जे. बाबासाहेबांचा फोटो लावला म्हणून कॉलेज आपोआप बाबासाहेबांचं होत नाही.

त्यात सरकारचा डोळा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहून ठेवलंय की उच्च शिक्षणाच्या संस्था मोठ्या करायच्या, प्रत्येकीत ३,००० किंवा जास्त विद्यार्थी हे लक्ष्य. पैसेवाल्याच्या पोराला काय फरक पडतो? तो कुठंही खोली घेईल. पण जिला घरून सांगितलंय, सहाच्या आत घरात दिसली पाहिजेस, त्या आपल्या बहिणीसाठी जवळचं कॉलेज बंद म्हणजे शिक्षण बंद. तेव्हा 'लहान ते कुचकामी' असं म्हणत त्याच्या मयतीला आपणच खांदा देऊ नये. शिव्या द्या, पण आत शिरून ते दुरुस्त करा.

मग पोराला काय सांगितलं? तीन प्रश्न विचारले. हॉस्टेल कागदावर आहे की हातात? शिष्यवृत्तीचा हप्ता येईपर्यंत मेसचे पैसे कोण भरणार? आणि रात्री दोन वाजता ताप आला, किंवा कुणी जातीवरून छळलं, तर कुणाचं दार वाजवशील? नाव सांग, नंबर सांग.

पोरगं गप्प.

म्हटलं, या तिन्हींची उत्तरं असतील तर आजच गाडी पकड. नसतील तर तीन वर्षं इथं काढ, पण झोपून नाही. दर रविवारी वाचनाला बस, चार जण तयार कर आणि एम.ए.ला पाच जण मिळून जा. यात कमीपणा नाही. एकटा पुढं जाऊन मोडून परत येणं, त्यातच आपलं जास्त नुकसान.

मग आम्हीही उठलो. रात्री अकरापर्यंत फोन लावले. नागपूरची एक पोरगी त्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला निघाली. म्हणाली, 'पाठवा त्याला, स्टेशनवर घ्यायला येते. आम्ही इथं आठ जण आहोत.' मंडळानं फी आणि पहिल्या दोन महिन्यांच्या मेसचे पैसे जमवले. मामानं दोन हजार दिले, बापानं पेटी काढून दिली. पोरगं येत्या सोमवारी निघतंय.

एका पोराचं जमलं, फोन लागला म्हणून. बाकीच्यांचं काय? म्हणून सांगणं एवढंच. जे कुणी मोठ्या विद्यापीठांत आधीच गेलेत, त्यांनी आपल्या हॉस्टेलचा पत्ता आणि नंबर या अंकाच्या पत्त्यावर कळवावा. आणि जे लहान कॉलेजात आहेत, त्यांनी पहिल्यांदा वाचनालयाची किल्ली कुणाकडं असते ते शोधून काढावं.

जय भीम!