हे ज्ञान चितेबरोबर जाऊ नये

दर वर्षी ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन साजरा होतो. सत्कार होतात, तीनचाकी सायकलींचे वाटप होते, छायाचित्रे छापून येतात. या समारंभांत काही मुले कधीच दिसत नाहीत. ज्यांना बसता येत नाही, बोलता येत नाही, स्वतःच्या हाताने घास घेता येत नाही, तीव्र बौद्धिक अक्षमतेच्या जोडीला ज्यांना सेरेब्रल पाल्सी वा अपस्मारही आहे, अशी ही मुले. घराच्या आतल्या खोलीत त्यांचे आयुष्य सरते आणि त्यांच्यासोबत त्यांच्या आईवडिलांचेही.

या आईवडिलांविषयी समाजाच्या मनात दोनच भावना असतात. ‘बिचारी’ म्हणून उसासा टाकायचा किंवा ‘देवमाणसे’ म्हणून हात जोडायचे. दया आणि भक्ती या दोहोंत सोय एकच आहे. त्यांच्याजवळ बसून काही शिकण्याचे कर्तव्य परस्पर टळते. वास्तविक या घरांत वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून आलेले एक शास्त्रच नांदत असते.

वरण किती दाट असले म्हणजे ठसका लागत नाही, भरवताना मूल किती सरळ बसवायचे, मान कशी सांभाळायची, पुढचा घास केव्हा द्यायचा, हे त्या मातेच्या हाताला ठाऊक असते. यात चूक झाली तर अन्न श्वासमार्गात जाते, त्यातून न्यूमोनिया होतो आणि ते जिवावर बेतू शकते. अंथरुणावरच्या मुलाची कूस वेळच्या वेळी बदलली नाही, तर त्वचेला जखमा होतात. मूल बोलत नाही; पण दात खाणे, अंग ताठ करणे, नेहमीचे हसू मावळणे यांवरून त्याचे काहीतरी दुखते आहे, हे आई ओळखते. रुग्णालयात मात्र हेच नवे लक्षण पुष्कळदा ‘मूळ अपंगत्वाचाच भाग’ समजून बाजूला सारले जाते. ‘आज हा नेहमीसारखा नाही’ हे आईचे वाक्य तपासणीच्या कागदावर पहिल्या ओळीत नोंदवले गेले पाहिजे.

आधुनिक विज्ञानानेही हे मान्य केले आहे. बोलू न शकणाऱ्या मुलांच्या वेदना ओळखण्यासाठी कॅनडातील संशोधकांनी लक्षणांची एक यादी सिद्ध केली. तिचा पाया होता, अशा व्यक्तींचे संगोपन करणाऱ्यांनी सांगितलेली निरीक्षणे. आपल्याकडेही हेच दिसते. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी शाळा सुरू केली, ती स्वतःच्या कन्येच्या अनुभवातून. चेन्नईच्या ‘विद्यासागर’ संस्थेच्या संस्थापिका पूनम नटराजन याही अशाच एका मुलाच्या आई.

पालकांना सर्व काही कळते, असा याचा अर्थ नव्हे. आकडी आल्यावर कांदा वा चप्पल हुंगवणे, दातांत चमचा घालणे हे प्रकार अजून चालतात. त्या वेळी मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि आकडी पाच मिनिटांत न थांबल्यास तातडीने रुग्णालय गाठावे, हे वैद्यकशास्त्रच सांगते. डॉक्टरांचे शास्त्र आणि आईचे निरीक्षण यांची सांगड बसली, तरच मूल सुरक्षित राहते.

परंतु खरा प्रश्न याच्याही पुढचा आहे. ‘आमच्यानंतर याचे काय?’ हा प्रश्न या घरांत रोज रात्री उशाशी असतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्हा पातळीवरील समितीमार्फत कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली. ‘निरामय’ योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षण मिळू शकते. या तरतुदी मोलाच्या आहेत आणि अनेक कुटुंबांपर्यंत त्या अजून पोहोचायच्या आहेत. मात्र कायदा पालक नेमू शकतो, त्या पालकाच्या हातात आईचा हात उतरवू शकत नाही. आई गेली की तीस वर्षांचे ज्ञान तिच्या चितेबरोबर जळून जाते आणि मागे राहते ते कोणालाच न समजणारे मूल.

एकत्र कुटुंबाचा गौरव आपण करतो. मात्र अशा घरांत सारा भार एकट्या आईवर पडतो आणि वर पूर्वजन्मीच्या पापाचे टोमणेही तिलाच ऐकावे लागतात, हे हिंदू समाजाने प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. असे टोमणे मारणाऱ्याने धर्माचे नाव घेऊ नये.

दिव्यांगांसाठी काम करणारी ‘सक्षम’सारखी संघटना २००८ पासून उभी आहे. तिच्या कार्यकर्त्यांना आणि प्रत्येक वस्तीतील कुटुंबांना करता येण्याजोगे काम साधे आहे. आपल्या परिसरातील असे एक घर शोधावे. आठवड्यातून दोन तास तेथे जावे, ते मदतनीस म्हणून नव्हे, तर विद्यार्थी म्हणून. आईकडून भरवायला, कूस बदलायला, मुलाची खूण ओळखायला शिकावे. तिच्या सांगण्यावरून एक वही लिहून काढावी : आहार, औषधे, आकडीची लक्षणे, आनंदाच्या आणि दुखण्याच्या खुणा. तिची एक प्रत डॉक्टरांकडे, एक भावंडांकडे राहावी. वस्तीतील चार जणांना त्या मुलाची भाषा कळू लागली, तर त्या आईला निदान एक रात्र निश्चिंत झोप लागेल. एवढे केले तरी समाज हे एक कुटुंब आहे, या आपल्या म्हणण्याला काही अर्थ उरेल.