डाळीच्या डब्यातला बाजार

शेअर बाजारात उलाढाल करणाऱ्या गृहिणींविषयी हल्ली दोनच सुरांत बोलले जाते. एक कौतुकाचा, ‘आमच्या बायकाही मागे नाहीत’ असा. दुसरा कुत्सित, ‘घर सोडून हे नसते उद्योग’ असा. दोन्ही सुरांत एक गृहीत आहे, की बाईला पैशाची जोखीम नवीन आहे. मला ते मान्य नाही.

लिलावाची भिशी आठवून पाहा. जिला नड असते ती तोटा सोसून रक्कम आधी उचलते. जी थांबते तिला त्याचा लाभ मिळतो. यात व्याज आहे, पतपारख आहे आणि कुणी मधेच हप्ते बुडवले तर काय, ही धास्तीही आहे. ज्या निर्णयाला आम्हा बँकवाल्यांना टिपणांची चळत लागे, तो या बायका जिन्यात उभ्या उभ्या घेत. बँकेत मात्र त्याच बाईच्या अर्जावर व्यवसाय ‘गृहिणी’ आणि उत्पन्नाच्या रकान्यात नुसती रेघ! मुदतठेव तिच्या नावाची, सही तिची, मुदत किती हे सांगणार ‘हे’. अशी खाती मी ढिगाने पाहिली.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि डाळीच्या डब्यांतून, साड्यांच्या घड्यांतून वर्षांची पुंजी बाहेर आली. ‘एवढे होते तुझ्याकडे?’ हा प्रश्न तेव्हा अनेक घरांत विचारला गेला. त्यात कौतुक किती नि संशय किती, हे ज्या घरचे त्यांनाच ठाऊक. डब्याचा आडोसा तेव्हा गेला. पुढे तो मोबाइलमध्ये सापडला.

जपानमध्ये हे आधीच घडले होते. तिथे अनेक घरांत नवऱ्याचा पगार बायकोच्या हाती जातो आणि तीच त्याला हातखर्चाला पैसे देते. तिच्या गुप्त बचतीला तिथे ‘हेसोकुरी’ असा खास शब्दच आहे. बँकेतले व्याज शून्याशी टेकले, १९९८ मध्ये परकीय चलनाचे व्यवहार सामान्यांना खुले झाले आणि या बायका रात्री मुले झोपल्यावर येन विकून डॉलर घेऊ लागल्या. जगाच्या वित्तपत्रांनी त्यांना ‘मिसेस वातानाबे’ असे काहीसे थट्टेचे नाव दिले. २००७ च्या ऑगस्टमध्ये येन एकाएकी वधारला, तेव्हा त्यांतल्या पुष्कळजणी पोळल्या.

आपल्याकडे बाजार सव्वानऊला उघडतो, म्हणजे डबे गेल्यावर. साडेतीनला मिटतो, चहाचे आधण ठेवायच्या सुमारास. आणि मिटताना एक आकडा देतो. पोळ्यांना, आजारपणांना, अभ्यासाला कुणी असा आकडा देत नाही. लोभ असतोच, तो कुणाला नसतो? पण ‘आज मी एवढे मिळवले’ हे वाक्य आयुष्यात प्रथमच म्हणता येण्याची ओढ लोभाहून जबर आहे, असे मला वाटते.

मात्र त्यासाठी निवडलेला ‘ऑप्शन’चा रस्ता वाईट आहे, हेही सांगितले पाहिजे. प्रीमियम भाजीच्या पैशांतून बसेल इतका लहान असू शकतो, हीच मेख. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२३-२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये सुमारे ९२ टक्के पुरुष तोट्यात गेले. बायकांत हे प्रमाण सुमारे ८६ टक्के होते. बायका जरा सावध ठरल्या, इतकेच. भिशीत समोरच्या बाईचे घर माहीत असते. इथे समोर बरेचदा मोठ्या पेढीचे यंत्र असते.

शिवाय लपवून साठवलेल्या पैशाचा तोटाही लपवावाच लागतो. मग तो भरून काढण्यासाठी बांगड्या गहाण पडतात. पहिल्याच दणक्याला घरी सांगता आले तर प्रकरण पाच-दहा हजारांत आटोपते. त्यासाठी घरातल्या ठेवी, विमा, कर्ज यांचे कागद दोघांनी मिळून पाहण्याची रीत आधीपासून हवी. या वेळी ठेव नूतनीकरणाला आली, की मुदत किती ते तिलाच ठरवू द्या.