भरीत रोजचे, घड्याळ संकटाचे

हिवाळा लागला की पिंप्राळ्यात आणि साऱ्या जळगाव परिसरात भरिताचे बेत ठरतात. काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, ठेचलेली मिरची-लसूण, कांद्याची पात आणि कळण्याची भाकरी! या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यात क्लोरोजेनिक आम्ल हे अँटिऑक्सिडंट असते. आवळ्यात व पेरूत ‘क’ जीवनसत्त्व, तर हळदीत कुरकुमिन. साहजिकच ज्येष्ठांच्या घरी प्रश्न निघतो, ‘हे नियमित दिले, तर जंतुसंसर्ग अंगात भिनण्याचा धोका टळेल का?’

जंतूंशी लढताना आपल्या पांढऱ्या पेशी प्राणवायूपासून तीव्र रसायने निर्माण करतात. त्यांनी जंतू मरतात, पण ती अति झाली तर स्वतःच्या ऊतींनाही इजा होते. अँटिऑक्सिडंट हा समतोल राखण्यास हातभार लावतात. सेप्सिसमध्ये मात्र शरीराचा प्रतिसादच बेलगाम होतो. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून द्रव पाझरतो, रक्तदाब कोसळतो आणि मूत्रपिंड, मेंदू यांना पुरेसे रक्त मिळेनासे होते. हाच सेप्टिक शॉक.

मग शिरेवाटे ‘क’ जीवनसत्त्व देऊन हा दाह शमवता येईल का? २०१७ मध्ये अमेरिकेतील एका रुग्णालयाने ‘क’ जीवनसत्त्व, थायामिन व हायड्रोकॉर्टिसोन एकत्र देऊन ४७ रुग्णांमध्ये आशादायक निष्कर्ष मांडले. परंतु २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व ब्राझील येथील काटेकोर चाचणीत या मिश्रणाचा लाभ आढळला नाही. २०२२ मध्ये ८७२ रुग्णांच्या चाचणीत केवळ ‘क’ जीवनसत्त्व मोठ्या मात्रेने दिले गेले. २८ दिवसांत मृत्यू किंवा अवयवांचा टिकून राहिलेला बिघाड यांचे एकत्रित प्रमाण ते घेणाऱ्यांत ४४.५ टक्के, तर न घेणाऱ्यांत ३८.५ टक्के होते. प्रयोगशाळेतील तर्क रुग्णशय्येवर टिकलाच असे नाही, हा त्याचा धडा.

म्हणून भरीत, आवळा, पेरू ताटात जरूर असू द्या. मात्र त्यांना उपचार मानू नका. ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या मूतखडा वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत.

शुश्रूषा करणाऱ्यांनी अधिक जपायचे ते पुढील खुणांना. वृद्धांना अनेकदा ताप येतच नाही; उलट अंग थंड पडते. अचानक बरळणे, ओळख न पटणे किंवा गुंगी, मिनिटाला २२ वा अधिक श्वास, लघवी खूप कमी होणे, त्वचा डागाळणे ही लक्षणे दिसली, विशेषतः खोकला, लघवीची जळजळ, मधुमेही पायाची जखम किंवा लघवीची नळी असताना, तर ‘सकाळी पाहू’ म्हणू नका. १०८ वर संपर्क साधा आणि ‘हा सेप्सिस तर नाही ना?’ असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. योग्य प्रतिजैविक व सलाइन वेळेत मिळणे हाच खरा आधार.

प्रतिबंधही हाती आहे: पायांची रोजची तपासणी, हात धुणे, मुखाची स्वच्छता, तसेच डॉक्टरांच्या सल्ल्याने इन्फ्लुएन्झा व न्यूमोकोकल लस.

ताटातले रक्षण वर्षानुवर्षांचे असते. संकटाच्या रात्री मात्र घड्याळाकडे पाहायचे असते.