जीपची थडथड आणि डँपरची मलमपट्टी

हळ्ळीखेड-हुमनाबादकडच्या खडबडीत वाटेवर जुन्या जीपची पुढची चाके एखाद्या खड्ड्यानंतर अशी थडथडू लागतात, की स्टेअरिंग हातात राहत नाही. मागे माणसे बसलेली असताना ही गंमत नव्हे. यावर सर्रास उपाय म्हणजे नवा स्टेअरिंग डँपर. माझ्या मते हा इलाज नव्हे, तापावरची ओली पट्टी आहे! डँपर हादरा गिळतो. आतली झीज वाढतच राहते.

आधी टायरची हवा आणि बॅलन्स पाहावा. मग मागच्या चाकांना दगड लावून पुढचे चाक जॅकवर उचलावे आणि वरखाली धरून हलवावे. ढिलाई लागली तर दुसऱ्याने ब्रेक दाबावा. ढिलाई गेली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. राहिली तर बहुधा किंगपिनचा. नंतर चाके जमिनीवर ठेवून एकाने स्टेअरिंग थोडे डावे-उजवे करावे, दुसऱ्याने वाकून टायरॉडचे एन्ड, पाट्यांचे बुश आणि जुन्या सीजे जीपचा बेलक्रँक न्याहाळावा. खर्च काही नाही.

भौतिकशास्त्राच्या तासाला आपण दोलन आणि मंदन फळ्यावर शिकतो. एखादा तास जीपखाली घ्यायला प्राध्यापकांची हरकत का असावी?