पोराचे पैसे, बापाची सही

आपल्याकडे एक समज फार घट्ट आहे. मुलाच्या नावानं बँकेत टाकलेले पैसे म्हणजे आपलेच, नाव फक्त त्याचं! नवरा-बायको एकत्र नांदतात तोवर यानं कोणाचं बिघडत नाही. वेगळे झाले की मात्र बारशाच्या पाकिटांपासून साठलेली रक्कम एकदम 'मी भरलेली' होते, आणि पासबुक ज्याच्या कपाटात तो ती काढून मोकळा. याला मी सरळ चोरी म्हणतो. आई करो नाहीतर बाप.

मी राहतो त्या आयर्लंडचं बघा. एकेकाळचा कमालीचा कर्मठ देश. १९३७ च्या राज्यघटनेतच घटस्फोटाला बंदी. १९८६ च्या सार्वमतात लोकांनी ती उठवायला नकार दिला, १९९५ ला अख्ख्या देशात जेमतेम ९,११४ मतांनी ती उठली. पण याच देशानं १९६४ सालीच कायदा केला की लग्न झालेले आईबाप दोघेही मुलाचे सारखे पालक, त्याचे आणि त्याच्या मालमत्तेचेही. वेगळे झाल्यानं ते पालकपण संपत नाही. (लग्न न केलेल्या बापाची गोष्ट वेगळी, ती पुन्हा कधीतरी.)

आणि आपण? १९५५ ला हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट आणला, आणि पुढच्याच वर्षी लिहून ठेवलं की मुलाचा आणि त्याच्या मालमत्तेचा नैसर्गिक पालक बाप, 'त्याच्यानंतर' आई. पाच वर्षांखालचं मूल मात्र सहसा आईकडेच राहील, असंही त्याच कलमात! म्हणजे शी-शू आईनं काढायची आणि सही बापाची. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलासाठी रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला आई म्हणून सही केली, नवऱ्याची संमती होती, तरी अर्ज परत आला. सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये सांगितलं की 'नंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असं नव्हे. साध्या बचत खात्याला बँका आईची सही घेतातही. पण कायद्यातला शब्द जागच्या जागी आहे.

असो. इथेही सगळं आलबेल नाही. सरकार दर मुलामागे महिन्याला १४० युरो देतं. १९४४ ला ही योजना सुरू झाली तेव्हा पैसे बापाच्या हातात जायचे, १९७४ पासून आईच्या. कोणी ते सगळे बाजूला टाकले तर अठरा वर्षांत व्याज सोडून ३०,२४० युरो होतात. कॉलेजची चांगली सोय! पण खातं एकाच सहीवर चालत असेल तर कायद्यातल्या दोन पालकांचा काय उपयोग? एकानं शनिवारी काढले तर दुसऱ्याला सोमवारी कळणार, आणि मग वकील. त्यात उरलेलेही जाणार.

म्हणून माझं म्हणणं असं. समझोत्याच्या कागदात गाडी कोणाची, फ्लॅटचा हप्ता कोण भरणार हे लिहिता ना? मग मुलाचा खाते क्रमांक आणि त्या दिवसाची शिल्लकही लिहा. बँक दोन सह्या घेत असेल तर घ्या. घेत नसेल तर दुसऱ्याच्या लेखी होकाराशिवाय काढायचे नाहीत आणि दर तीन महिन्यांनी त्याला स्टेटमेंट द्यायचं, हे कोर्टापुढच्या अटींत घाला. 'अडचण आली तर?' मुलाची फी, मुलाचं आजारपण, जरूर काढा, दोघांनी मिळून. तुमच्या वकिलाची फी ही मुलाची अडचण नव्हे.

आणि मूल दहा वर्षांचं झालं की त्यालाही शिल्लक दाखवा. त्या वयापासून मुलाला स्वतः खातं चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेनं २०२५ साली बँकांना पुन्हा मोकळीक दिली आहे.