मागचे दार



राजारामपुरीतल्या आमच्या जुन्या घराचे स्वयंपाकघर यंदा नव्याने करायला काढले. सासऱ्यांनी निवृत्तीच्या फंडातून हे घर घेतलेले. जाड विटांच्या भिंती, वर कौले आणि मागच्या अंगाला धुराने काळवंडलेली चुलीची खोली.

मिस्त्री म्हणाला, "मधली भिंत काढा, ऐसपैस होईल." आम्ही नको म्हटले. जुन्या घरात छपराचा भार भिंतींवरच असतो. जाणकार इंजिनिअरला दाखवून, वर गर्डर घातल्याशिवाय अशी भिंत फोडू नये. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावाही करू नये. ओल आत कोंडते. चुन्याचाच बरा. ओटा आपल्या कोपराच्या ४ इंच खाली ठेवावा, म्हणजे कंबर धरत नाही. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी. गॅस हवेपेक्षा जड; गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून भिंतीत खालीही जाळी ठेवावी.

राहिले मागचे दार. ते बुजवून कपाट करावे, असे माझ्या मनात होते. सासूबाई म्हणाल्या, "दार ऱ्हाऊ दे."

मग त्यांनी सांगितले. लहानपणी त्या आईबरोबर अशाच एका घरी लाकडे फोडायला जात. "च्या मागल्या दारातच मिळायचा. आमचा कप वळचणीला खोचलेला. आपणच काढायचा, आपणच धुऊन ठेवायचा. वरनं ओतायचे. पुढल्या दारानं कधी आत गेलो न्हाई."

"मग बुजवूनच टाकू की!" मी म्हटले.

"दाराचा काय दोष? वारा येतोय. माणसं पुढनं येऊ द्यात, म्हंजे झालं."

याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथला चहा घेतला. पुढे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचे पाणी प्राशन केले. हे आपण जयंतीला मुलांना सांगतो.

पण त्या दिवशी मला आमची मोरी आठवली. आमच्याकडे एक बाई भांडी घासायला येतात. त्या मागच्या दाराने येत. त्यांचा स्टीलचा पेला मोरीवरच्या फळीवर वेगळा असे. कुणी मुद्दाम ठेवला नव्हता. पण वेगळा होता, हे खरे. माझी मान खाली गेली.

आता दार वाऱ्यासाठी आहे. फळीवरचा पेला इतर पेल्यांत मिसळला. बाई पुढच्या दाराने येतात. पहिल्या दिवशी त्या खुर्चीवर बसेनात. सासूबाईंनी स्वतः शेजारी बसून त्यांना चहा दिला, तेव्हा बसल्या.

भगिनींनो, ओटा कडप्प्याचा करा नाहीतर ग्रॅनाइटचा, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. पण फरशी उचलण्याआधी एकदा पाहून घ्या, आपल्या घरात कुणाचा कप वेगळा तर नाही ना?

जयभीम!